तीन शिक्के

मंगळवारी भायखळ्याला हिब्रू,
गुरुवारी वांद्र्याला मंडळीचा इतिहास,
शनिवारी अंधेरी. तिथे रेव्हरंड सर येतात
कधी कधी, दम्यातून वाट काढत.
तीन सेमिनऱ्या, एक पदवी,
आणि वर्गात आम्ही चौघं.

मोठा शब्दकोश मात्र एकच.
पहिल्या पानावर तीन शिक्के:
जांभळा, काळा, आणि एक इतका पुसट
की कुणाचा, ते त्यांनाही सांगता येत नाही.
कसर तिन्हींतून सारखीच आरपार गेलीय.

'हेसेद' शब्दाशी, समासात, पेन्सिलींचं भांडण:
'दया.'
खाली दुसरा हात: 'छे! करार पाळणं.'
त्याखाली कुणाचं बारीक अक्षर: 'माया?'

माझा प्रबंध याच शब्दावर. दोन वर्षं झाली.
काल पुस्तक घेऊन गेले, मुदत केव्हाच संपलेली.
उजागरेबाईंनी कार्ड पाहिलं,
दंड मोजला, अठरा रुपये.
मग चष्म्यावरून: 'आईचं ऑपरेशन कधी गं?'
आणि तारीख खोडून
पुढच्या महिन्याची घातली.

जिन्यातच पान उघडलं.
ते प्रश्नचिन्ह खोडावं म्हणून
पेन्सिल उलटी धरली,
तर रबर पार झिजलेलं.