शुद्धिपत्र

मार्च अंक, पान चौदा, तिसरा रकाना:
६.८ च्या जागी ८.६ असे वाचावे.
चूक छापखान्याची नाही. संपादिकेची आहे.

इतकंच छापायचं होतं. पण पान अर्धं रिकामं आहे,
आणि मंडळाच्या तीनशे बारा सभासदांचं
निदान एवढं तरी मी देणं लागते.

युएन डॅलग्लीश, मॅनिओटोटोच्या पठारावर
आठशे मेंढ्या आणि एक दुर्बीण. वय एक्याऐंशी.
एकतीस वर्षं दर महिन्याला त्याचं कार्ड येतं:
तारीख, वेळ, ताऱ्याची प्रत, शेरा.
शेऱ्यात मेंढ्यांचं काहीबाही. ते मी गाळते.

त्या खेपेला अक्षर थरथरलं होतं.
धनु राशीतला तो तारा, ८.६?
(आमच्यात आकडा वाढला की उजेड घटतो,
नवख्यांना हे दोनदा सांगावं लागतं.)
ऑकलंडचे, नेल्सनचे ठिपके आलेखावर
साडेसहाच्या आसपास, एका ओळीत जेवायला बसलेले,
आणि हा एकटा पंगतीतून उठून गेलेला.
म्हाताऱ्याने आकडे उलटे लिहिले, मी म्हटलं,
आणि पेन्सिलीने, अगदी मायेने, सुलटे केले.
बाकीचे ठिपके आठवडाभर शिळे होते.
तारखा मी पाहिल्या नाहीत.

एप्रिलमध्ये सगळ्यांची पत्रं एकदम आली.
तारा काजळला होता.
कंदिलाच्या काचेवर धरते तशी
स्वतःचीच काजळी स्वतःवर धरून
तो आत, मागे कुठेतरी, जळतच होता.
आणि ते आमच्यात पहिल्यांदा दिसलं
पहाटे चार दहाला, अगस्ती नैर्ऋत्येला कलत असताना,
बाहीने दव पुसून दुर्बिणीचं झाकण काढणाऱ्या
एका माणसाला.

फोन केला. माफी मागितली.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग, "चालायचंच, नायरी.
मलाही आधी चष्म्याचीच शंका आली.
दोनदा पुसला."

नवं कार्ड परवा आलं.
१०.१. हवा स्वच्छ. कुत्री मागच्या डाव्या पायाने लंगडतेय.

रकान्यात बसत नव्हतं.
बसवलंय.
पान नऊ पाहावे.