सोडू नकोस

केमीत मे महिन्यातही गॅरेजची फरशी
पुठ्ठ्यातून पाठीला लागते.
मी मागच्या उजव्या चाकापाशी, आडवी.
आई वर, बाबांच्या कोरोलात,
नवा गुडघा ब्रेकवर ठेवून.
शनिवारी तोर्नियोचा एक मुलगा येणार आहे गाडी न्यायला.

निपल रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेला.
रात्रभर तेलात भिजवला, सकाळी हातोडीने चुचकारला,
तेव्हा कुठे आठ नंबरच्या पान्याला
हूं म्हणाला.
नळी माशांच्या टाकीची. बरणी हेरिंगच्या लोणच्याची,
तळाशी अजून शेपूची एक काडी.

"दाब."
"दाबलं."
पाना पाव फेरा.
आधी काळं, कॉफीच्या गाळासारखं,
मग बुडबुडे,
शाळा सुटल्यासारखे.
"सोडू नकोस," मी ओरडले.
तिला त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

बुडबुडे नळीत थबकले, उलटे फिरले,
मुकाट आत गेले.

"तूच म्हणालीस सोड."
"सोडू *नकोस* म्हणाले."
"मग 'धरून ठेव' म्हणावं माणसाने.
वेइक्को तसंच म्हणायचा."

मी पान्यासकट थांबले.
आम्हा भावंडांना वाटायचं
बाबा एकटेच करतात हे सगळं,
दार लावून, रेडिओ लावून.
"एकट्याला कसं जमेल?" वरून आवाज.
"एक जण पायाशी लागतोच.
तीस वर्षं बसलेय मी इथे.
खालचा माणूस दिसत नाही,
पण पायाला कळतं."

पुन्हा पहिल्यापासून.
धरून ठेव. धरलंय.
मागचं डावं, मग पुढची दोन.
वरची टाकी रिकामी होत आली होती,
आठवण तिनेच केली.
पत्र्यावर एक थेंब सांडला तर
काठी टेकत उतरली, किटलीभर पाणी ओतलं,
"रंग खातं हे," म्हणाली, मला, चाळीस वर्षांच्या बाईला.
शेवटच्या चाकाला, नळी स्वच्छ दिसायच्या आधीच:
"झालं. दगड झालाय पायाखाली."

मग किल्ली फिरवली.
फाटकापाशी एकदा करकचून दाबला,
खडीत दोन रेघा उठल्या.
मला वाटलं, आता मागे घेईल.
तिने डावा दिवा लावला
आणि समुद्राच्या रस्त्याला लागली.

पाऊण तास झाला.
मी बरणी धरून उभी आहे.
हे काळं कुठे टाकायचं असतं
तेही तिलाच ठाऊक.