शिळं पाणी

बाबा जुन्या जालन्यात वालमन.
आठव्या दिवशी, कधी अकराव्या,
रात्री तीनला सायकलच्या दांडीला चावी बांधून निघायचे,
लोखंडी, माझ्याएवढी उंच.
ती फिरली की गल्लीभर मोटारी घुरघुरायच्या
आणि कुणी ना कुणी बाबांना शिव्या द्यायचं,
आमच्याकडं कमी सोडलं म्हणून.

आई तेव्हा टिपाड पालथं करायची.
कालपर्यंत झाकून, गाळून, जपून वापरलेलं पाणी
नळाला धार आली की एका क्षणात शिळं.
त्यानं ओटा धुवायचा, गोधड्या भिजवायच्या.
ताजं ते देवाला, ताजं ते पाहुण्याला.

टाकी आली दातांच्या डॉक्टरच्या
बंद पडलेल्या दवाखान्यातून,
दोन फूट लांब, कोपऱ्यात एक प्लास्टिकचा पाणबुड्या.
सिंधी बाजारातल्या रईसभाईनं मासे दिले.
"निऑन नको नेऊस, सोनाजी. नाजूक जात.
आपलं बोरचं पाणी जड, किटलीत थर धरणारं.
मॉली ने. गप्पी ने. ह्यांना चालतं."

बाबांनी पहिल्या दिवशी
स्वतः सोडलेल्या पाण्याची पहिली बादली ओतली.
शर्टाला ब्लिचिंगचा वास होता, बादलीलाही.
संध्याकाळपर्यंत सहाही गप्पी वर, तोंड उघडी.
"अख्ख्या गावाला पाजतो मी हे," बाबा म्हणाले,
आणि बराच वेळ हातांचा वास घेत बसले.

मग बादली दोन दिवस उघडी ठेवायला शिकलो.
वालिस्नेरियाच्या हिरव्या फिती वाळूत खोचल्या.
सगळं लागी लागलं, आणि दिवाळी आली.

आईनं डबे घासले, पंखे पुसले,
आणि प्रेमानं टाकीही काढली.
वाळू उन्हात, स्पंज निरम्यात,
काच अशी की आत काहीच नाही वाटावं.
भाऊबीजेला शेवटची मॉली गेली.
"मी तर घाणच काढली," एवढंच ती म्हणाली,
करंज्यांचा डबा तसाच राहिला.

रईसभाई चहाला आले, बशीत बघत बोलले,
"वहिनी, घाण नव्हती ती. बिऱ्हाड होतं.
स्पंजात राहतं, दिसत नाही,
माशांचं मुतलेलं खाऊन पाणी राखतं.
ते पुन्हा वसायला महिना लागेल."

महिनाभर टाकीत एकही मासा नव्हता.
पंप चालू, पाणी फिरतंय,
आणि आई रोज चिमूटभर खाद्य टाकतेय,
कुणाला, ते तिलाही दिसत नव्हतं.
शेजारची रुख्मा विचारायची, "काहून टाकता बाई?"
"जेवू राहिलेत," आई म्हणायची.

मे महिन्यात त्रेचाळीसचा पारा,
काचेला ओलं पोतं, पाण्यात बर्फाची बाटली तरंगती.
एका रात्री डीपी जळाली. पंप थांबला.
बाबा ड्यूटीवर.
मला जाग आली ती आवाजानं:
अंधारात आई स्टुलावर बसलेली,
तांब्या बुडवायची, हात उंच न्यायची,
बारीक धार सोडायची.
पुन्हा बुडवायची.
हवा जावी म्हणून.
पहाटेपर्यंत घरात नळ आल्यासारखा आवाज होता.

गल्लीनं बोलायचं ते बोललीच:
लोकांना प्यायला नाही, ह्यांच्याकडं मासे पोहतात.
आई उत्तर देत नसे.
आठवड्याच्या दोन बादल्या, टाकीतल्या, पिवळसर,
ती कढीपत्त्याला घालायची.
आता तो भिंतीवरून पलीकडं गेलाय.
फोडणीच्या वेळेला बोलणारे सगळे हात
भिंतीवरून दिसतात.

बाबांनी गेल्या मार्चमध्ये चावी ऑफिसात जमा केली.
तीनला जाग येतेच, मग टाकीपाशी बसतात.
पाणी आलं की आई अजून टिपाड धुते,
पण एक बादली बाजूला सरकवते,
तिच्यावर खडूनं वार लिहिते:
"बुधवार. हात लावू नका.
शिळं होऊ द्या."

काल वालिस्नेरियात मॉलीची पिल्लं दिसली,
जिऱ्याएवढी, डोळेच डोळे.
आईनं चष्मा लावून मोजली.
"किती?" मी विचारलं.
"मोजलेलं सांगत नसतात," ती म्हणाली
आणि लाइट बंद केला.