अर्धी टाकी

ऑर्व्हिल स्टॅम्पर जुन्या ट्रकांच्या रांगेतून फिरतो,
बाजारात बैल पारखावा तसा:
वाकून स्प्रिंगा बघतो, टायरला लाथ मारतो,
नखानं गंज खरवडतो.

विकणारा म्हणतो, हा लहानच घ्या,
नऊ हजार पौंड ओढतो, लिहिलंय कागदावर.
ओढेल हो.
ऑर्व्हिलनं पिझ्झाच्या खोक्यावर हिशेब मांडलाय:
पाचशे गॅलन पाणी, म्हणजे चार हजारांवर पौंड,
वर मशीन, पाइपाची दोन रिळं, क्लोरीनचे कॅन,
ट्रेलरचं स्वतःचं लोखंड,
आणि मेहुणा ड्वाइट,
ज्याला हिशेबात कुणी धरत नाही.

पण त्याला आठवतोय तो ऑक्टोबर,
पश्चिम व्हर्जिनियातला ओला उतार,
टाकी अर्धीच.
भरलेलं पाणी गप्प बसतं,
अर्धं डचमळतं, आपलं म्हणणं मांडतं.
ब्रेक दाबला तेव्हा ट्रक थांबला,
पाणी थांबलं नाही.
मागून खांद्यावर हात ठेवून
कुणी म्हणावं, चल की पुढे,
तसा एक धक्का.
चर्चच्या कुंपणात जाऊन थांबले दोघं.
पुढल्या आठवड्यात त्या चर्चच्या चारी भिंती
त्यानं फुकट धुऊन दिल्या.

"ओढतो किती ते राहू दे," तो म्हणतो,
"थांबवतो किती?"
विकणारा कागद उलटा करून बघतो.

मग तो कोपऱ्यातल्या मोठ्या डिझेलपाशी जातो.
पांढरा, एक दार चेपलेलं.
किमतीची चिठ्ठी वाचतो,
चष्मा पुसून परत वाचतो.
मार्लाला फोन लावतो.
ती एवढंच विचारते, "गॅरेजात मावेल?"

फोन कानाशी तसाच धरून
तो ट्रकच्या कडेनं निघतो,
टाचेला अंगठा जुळवत,
एक, दोन, तीन...