नोलक नमन

लग्नाला पंधरा दिवस झाले होते.
पहाटे ओट्याशी गेले, तर सासरे आधीच तिथं,
टॉवेल कंबरेला खोचलेला, परातीत पीठ,
पिठात ताक, हात कोपरापर्यंत पांढरे.
म्हणाले, "रूथ, तू बस. आज नोलक नमन."

मला वाटलं, माझं काही चुकलं.
आमच्या जिंतूरकडं भल्या सकाळी सुनेला बस म्हणाले
तर समजायचं, कुणीतरी गेलं.

मग दीर आले. सायलस आला.
एस.टी.तून रिटायर झालेले, गुडघ्यांनी बेजार बर्नाबसकाका आले.
रांगेत उभे राहून सगळे फलाने
हात जोडून वाकले,
सासूबाईंना, मला,
नणंदेच्या तान्ह्या पोरीलासुद्धा.
"नमन."
आणि कुणी झाडू घेतला, कुणी भांडी.

सहा जानेवारी. गॅलरीत नाताळचा तारा अजून लोंबत होता,
करंज्यांच्या डब्यात तळाला नुसता चुरा.

फलाने हे आडनाव तहसिलीत पडलं.
मूळ फॅलन.
कारकुनानं विचारलं असेल, कोण म्हणालास?
आणि लिहून टाकलं असेल.
तेव्हापासून शाळेत हजेरी घेताना
आमच्या पोरांच्या नावाला हशा ठरलेला.
गोरेपणा दुसऱ्याच पिढीत जालन्याच्या उन्हात मुरला.
एका आत्याचे डोळे घारे होते, ते मोतीबिंदूत गेले.

बर्नाबसकाका सांगतात, तो कॅप्टन होता, तलवार होती.
छावणीच्या दफनभूमीत बाभळी बाजूला सारून
मी दगड वाचला. नालबंद.
घोड्याचा पाय उचलून मांडीवर घेणारा माणूस.
काकांना सांगितलं नाही.
पण मला तो आवडतो, त्या दिवसापासून.

त्याची आई म्हणे तिकडं, पावसाच्या मुलखात,
वर्षातला एकच दिवस बसायची.
म्हणून त्यानं इथं सोनाईला बसवलं,
स्वतः पाणी भरलं. अख्खी छावणी हसली.
सोनाईही हसली असेल,
किंवा मनात म्हणाली असेल, बाकीच्या दिवसांचं काय?

परवाच्या नोलकाला बियाण्याच्या कंपनीतली पाहुणी आली,
ईफा नावाची, कपाशीचे प्लॉट बघायला आलेली,
नाकावर ऊन सोललेलं.
सायलस वाकला, नमन म्हणाला,
आणि तिनं हातातला चहा खाली ठेवला.
"पुन्हा म्हणा."
तो पुन्हा म्हणाला.
ती खिडकीकडं तोंड करून बसली जरा वेळ.
मग मला एकटीला सांगितलं:
नोलक म्हणजे नाताळ. नमन म्हणजे नुसतं "बायांचा".
बायांचा नाताळ. तिची आजी म्हणायची.
आता त्या मैत्रिणी मिळून हॉटेलात जातात.

म्हणजे पाच पिढ्या आमचे पुरुष
एका षष्ठीच्या प्रत्ययाला हात जोडत आले!
हसू आलं. ते गिळलं.
हेही काकांना सांगितलं नाही. सायलसलाही नाही.
चुकून वाकले, पण वाकले तर.

कुकरमध्ये वाळू घालून भाजलेला ताकाचा पाव,
वर सुरीची फुली, बूड करपलेलं.
रईसाभाभी कुंपणावरून म्हणाली,
"आमच्यात कधी येणार गं हा सण?"
"ये की," मी म्हटलं, "बस." गोदाकाकूही आल्या,
संक्रांतीचं वाण आठ दिवस आधीच घेऊन.
आत काचेचं काहीतरी फुटलं.
एलिया ओरडला, "काही नाही, काही नाही!"
कुणी उठलं नाही.

सव्वीस वर्षं झाली. अजून मला नीट बसता येत नाही.
हात मांडीवर ठेवते, पदर सारखा करते,
आणि बघते तर बोटं
चटईतल्या काड्या निवडायलीत.