डाव्या खिशातली एतेरी

डॉक्टरांनी कागदावर एकच आकडा लिहिला, सहा हजार,
आणि चष्मा काढून म्हणाल्या, गुराम,
चाळीस वर्षं बस चालवून कुताइसी पालथं घातलंत खरं,
पण बसून.

नाझिकोची नात पोलंडला परतण्याआधी
आम्हा एका जिन्यातल्या चौघांच्या फोनांत
ते अ‍ॅप टाकून गेली.
चार वर्तुळं. चारही हिरवी झाली
तर पडद्यावरच्या डाळिंबाला एक पान.
एका पानासाठी म्हातारी माणसं काय काय करतात!
झुझुना कचऱ्याची एक पिशवी तीन खेपांत न्यायची.
एतेरी फोनवर बोलत अंगणात घिरट्या घालायची,
एक भिंगरी पायाला, दुसरी जिभेला.

मी? मी खुर्चीत बसून
बातम्या बघत फोन हलवायचो,
ताक घुसळल्यासारखा.
चार हजार दोनशे.
समोरच्या खिडकीतून नाझिकोला माझा दिवा दिसतो,
दिव्याखाली मी दिसतो.
त्या रात्री ती काही बोलली नाही.
सकाळी दार वाजलं.
माझेच बूट हातात धरून उभी,
जिन्यात मार्चपासून पडलेले,
आत कोळ्यानं संसार मांडलेला.
"याला आधी दुसरी जागा बघून द्या," म्हणाली,
"मग निघू."

पहिल्या दिवशी पुलापर्यंत.
खाली रिओनी, गढूळ, घाईत,
वर कठड्याला धरून मी,
तिच्यापेक्षा मोठ्यानं धापा टाकत.
येताना भट्टीवरचा एक गरम पाव
चौघांत तोडून. वाट्याला चतकोर.
हे काही अ‍ॅपनं सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात एतेरी ओल्या पायरीवरून पडली. खुबा.
तिचं वर्तुळ पांढरं राहिलं,
डाळिंब जिथल्या तिथे.
एकोणिसाव्या दिवशी अ‍ॅपनं विचारलं,
निष्क्रिय सदस्य काढून टाकायचा का?
झुझुनाकडे चष्मा नव्हता.
"काय म्हणतंय?"
"काहीतरी मूर्खासारखं."
"मग नाही म्हण."

आता उजव्या खिशात माझा फोन,
डाव्या खिशात तिचा.
चालताना कोट दोन्ही बाजूंनी सारखा लोंबतो.
संध्याकाळी रुग्णालयात जाऊन
तिची चाल तिच्या हातात देतो.
ती पडदा नाकापाशी धरून वाचते,
अभिनंदन एतेरी, आज तुम्ही अकरा मजले चढलात.

"अकरा! गेले कुठे होते मी?"
"बाग्रातीच्या पायऱ्या."
"दम लागला?"
"लागला. दोनदा बसलीस.
एका मांजराशी बोललीस."
"आणि पाव?"
"घेतलास. चतकोर."

पांघरुणाखालच्या पायाकडे ती बराच वेळ बघते.
"खोटं. अर्धा खाल्ला असणार," म्हणते,
"मी मला ओळखते."