हर्णै, पन्नास हर्ट्झ

बोटींचे फिश-फाइंडर दुरुस्त करतो मी.
गेन वाढवला की मासा दिसतो,
आणखी वाढवला की नसलेलाही दिसतो.
एवढंच माझं शिक्षण, बाकी आयटीआय.

डॉक्टर मुकादम म्हणाल्या,
मेंदूच्या लहरींचं यंत्र कर, स्वस्तात.
चोगल्यांची रेवती बोलता बोलता थांबते,
हातातला घास हातात,
सहा-सात सेकंद कोणी नसतंच तिथे.

टेबलावर दोन चिपा, करंगळीच्या नखाएवढ्या.
एक साडेतीनशेची.
दुसरीच्या पैशात दोन कॅन डिझेल येतं.

इनपुटची टोकं एकमेकांना जोडली,
कोणाचं डोकं नाही, काही नाही.
आता बोल, म्हटलं, तुझं तू काय बोलतेस ते.
स्वस्तातली पुटपुटत राहिली, चार-पाच मायक्रोव्होल्ट,
खारं वारं लागलेल्या रेडिओसारखी.
महागडी जेमतेम एक.
डेटाशीटात होतं तेवढंच. खोटं न बोलणारा कागद
क्वचित हाती लागतो.

मग रेवतीला बसवलं. जेल, पट्टी, कानाला क्लिप.
आणि रेघच नाही! नुसता जाड काळा पट्टा:
शेजारच्या बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर
पोरीच्या कवटीत घरघरत होता.
चिप बदलून काय होणार?
अख्ख्या बंदराला वीज आहे.

"मग वीज नाही तिथे जाऊ की," तिचा बाप म्हणाला.

किल्ल्याच्या पलीकडे नांगर टाकला, इंजिन बंद.
बारा व्होल्टची बॅटरी, केबिनात आम्ही तिघं.
पडद्यावर रेघ सावकाश वर, सावकाश खाली.
मी चरकलो. तो हसला:
"अरे, ती लाट आहे."
अर्ध्या हर्ट्झखालचं सगळं कापलं. समुद्र गेला.

"डोळे मीट," म्हटलं.
आणि डोक्याच्या मागच्या बाजूने आल्या,
सेकंदाला दहा, बारीक, एकसारख्या,
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वळ्या.

स्वस्तातलीवर त्या दिसल्या नसत्या असं नाही.
दिसल्या असत्या. मला खात्री झाली नसती,
आणि खात्री नसताना मी पूर्वी एकदा
जाळं टाकायला सांगितलंय.

महागडीच ठेवली. आठाऐवजी चार चॅनल.

साडेदहाला रेवती आत्याच्या कोंबडीबद्दल सांगत होती,
"आणि ती" म्हणाली, आणि थांबली.
रेघ उसळली, सेकंदाला तीन, पडद्याबाहेर जाईल एवढी.
ही तर कुठल्याही चिपेला दिसली असती.
"हीच का ती?" बापाने विचारलं.
मी वेळ लिहून घेतली.

"...खुडूकच बसली," रेवती म्हणाली.